ग्वाटेमालाच्या माया गावांत नऊ दिवसांची मेडिकल आणि बांधकाम मिशन ट्रिप: जायच्या आधी हे वाच

जय ख्रिस्त. तुझा प्रश्न थोडक्यात असा की तुमच्या मंडळीतून १८ जणांची टीम फेब्रुवारीत नऊ दिवसांसाठी ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या किचे (ही एक माया भाषा) बोलणाऱ्या गावांत जातेय, अर्धे जण मेडिकल कॅम्प घेणार, अर्धे शाळेच्या दोन खोल्या बांधणार, तू फार्मसिस्ट आहेस, पहिल्यांदाच जातोयस, आणि तुला विचारायचंय की औषधं काय न्यायची, लोकांशी कसं वागायचं, आणि एवढा खर्च करून आपण खरंच कुणाचं भलं करतो का ही जी शंका मनात येतेय तिचं काय करायचं. ताई म्हटलंस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. मी नर्स, नवरा बांधकामातला, आम्ही दोघं मिळून त्या भागात अकरा वेळा गेलोय, त्यातल्या पहिल्या दोन-तीन ट्रिपांत आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

शंकेपासूनच सुरू करते कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. नऊ दिवसांत किती पेशंट बघितले यावर काही ठरत नाही, तुम्ही परत आल्यावर उरलेले ३५६ दिवस त्या पेशंटकडे कोण बघणार यावर सगळं ठरतं. आमच्या पहिल्या ट्रिपला एका साठीच्या आजींचं बीपी २००/११० निघालं, आम्ही अ‍ॅम्लोडिपिनच्या तीस गोळ्या दिल्या, प्रार्थना केली, आजींनी माझे हात धरले, सगळे भारावून गेलो. पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो तर आजी ती रिकामी बाटली फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या आणि त्यांचा उजवा हात चालत नव्हता. त्यांना वाटलेलं की गोळ्या संपल्या म्हणजे कोर्स संपला, आणि पुढच्या हव्या असतील तर ज्यांनी दिल्या तेच परत येऊन देतील. पुएस्तो म्हणजे तिथलं सरकारी उपकेंद्र, ते दीड तास चालत जाण्याच्या अंतरावर होतं, तिथे नर्स होती, पण तिला या आजींबद्दल काही माहीतच नव्हतं कारण आम्ही तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो, ती कोण आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि आजही ती बाटली डोळ्यांसमोर येते.

शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो पण तिचा शेवटचा भाग आपल्या ध्यानात राहत नाही. जखमा बांधून तो निघून गेला नाही, त्याने जखमी माणसाला उतारशाळेच्या मालकाकडे सोपवलं, दोन दीनार दिले आणि आणखी लागलं तर परत येताना देईन म्हणाला. मिशन ट्रिपमध्ये तो उतारशाळेचा मालक म्हणजे पुएस्तोची नर्स, गावातलाच शिकवून तयार केलेला आरोग्यसेवक म्हणजे प्रोमोतोर, बाळंतपणं करणारी कोमाद्रोना, गावचा गवंडी, गावचा पाळक. या लोकांची नावं टीमला निघायच्या आधी माहीत नसतील तर मी स्पष्ट सांगते, तारीख पुढे ढकला.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. कॅरल बेहर्होर्स्ट नावाचे लूथरन मिशनरी डॉक्टर १९६२ मध्ये चिमाल्तेनांगो गावात काक्चिकेल माया लोकांत दवाखाना घेऊन बसले आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की जुलाबाचं तेच पोर तीन आठवड्यांनी पुन्हा येतंय, मग त्यांनी गावकऱ्यांनाच शिकवून प्रोमोतोर तयार केले. समाजाच्या आरोग्यासाठी काय महत्त्वाचं याची त्यांनी क्रमवार यादी केली होती, तिच्यात सगळ्यात वर सामाजिक आणि आर्थिक अन्याय, मग जमिनीचा प्रश्न, मग शेती, आणि औषधोपचार अगदी तळाला. डॉक्टर माणसाने स्वतःचं काम तळाला लिहिलं! जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या प्रकल्पांवर जे पुस्तक काढलं त्यात चिमाल्तेनांगो होतं आणि आपलं जामखेडही होतं, त्यामुळे आरोळे डॉक्टरांचं काम माहीत असेल तर तुला हा विचार नवा वाटणार नाही.

आता परवानग्या. परदेशी डॉक्टर, नर्स, डेंटिस्टने तिथे पेशंट तपासायचा तर आरोग्य मंत्रालयाची आणि त्या त्या पेशाच्या कोलेहिओची, म्हणजे व्यावसायिक परिषदेची, लेखी परवानगी लागते, आणि औषधं आत न्यायची तर नाव, डोस, संख्या, बॅच, एक्स्पायरी अशी पूर्ण यादी आधी द्यावी लागते. कोऑर्डिनेटर म्हणेल की चर्चच्या नावाने चालून जातं, बॅगांत थोडं थोडं वाटून नेऊ. असलं काही करू नकोस. तू फार्मसिस्ट आहेस, सही तुझी असणार, आणि आपल्या देशात आपण जे करणार नाही ते दुसऱ्याच्या देशात गरीब माणसांवर का करायचं. गावपातळीवर कोकोदे असते, म्हणजे २००२ च्या कायद्याने आलेली गावची विकास समिती, तिच्या बैठकीत तुमचा विषय येऊन ठराव झाला पाहिजे, एकट्या पाळकाने बोलावलं एवढं पुरत नाही, कारण गावात कॅथलिक आहेत, इव्हँजेलिकल आहेत, माया विधी पाळणारे आहेत, आणि कॅम्प एकाच गटाचा दिसला तर बाकीचे आजारी असून येत नाहीत.

औषधांकडे येते, तुझा मुख्य प्रश्न तोच. दान केलेल्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची जुनी आणि सोपी मार्गदर्शक तत्त्वं आहेत: औषध तिथल्या लोकांनी मागितलेलं असावं, पोचल्यावर किमान एक वर्ष एक्स्पायरी शिल्लक असावी, लेबल तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत आणि जेनेरिक नावाने असावं. नेतो त्या ट्रंका या तीन कसोट्यांवर तपास, अर्ध्या रिकाम्या होतील आणि होऊ देत. डॉक्टरांकडची सॅम्पलं, उघडलेल्या बाटल्या, मंडळीतल्या लोकांच्या घरात उरलेल्या गोळ्या, काही न्यायचं नाही. पुएस्तोला आधी विचार की तुमच्याकडे बीपीला काय मिळतं, शुगरला काय मिळतं, आणि तेच द्यायचं, भले आपल्याकडे त्याहून नवीन औषध असेल. तुमचं भारीतलं औषध चालू करून दिलं आणि तिथे ते मिळत नसेल तर पेशंट दोन्हीकडून जातो.

कामाला येतं ते सगळं साधं आहे. ओआरएस आणि झिंक, झिंक सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहानाला १०, जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस, हे आईला तीन वेळा सांगून तिच्याकडून परत वदवून घ्यायचं. ओआरएसचं पाकीट तिच्याच घरातल्या भांड्यात एक लिटर मोजून बनवून दाखव, कॅम्पमधल्या बाटलीत नको. खरजेला परमेथ्रिन, पण एकट्या पोराला देऊन उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री आणि आठवड्याने परत, तेव्हा तेवढ्या ट्यूबा असतील तरच सुरू कर. जंताला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या मुलाला २००, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अजिबात नाही, आणि देण्याआधी पुएस्तोला विचार की मुलांना मागचा डोस कधी दिलाय, कारण दर टीम येऊन जंताचं औषध देते आणि कुणी कुठे नोंद ठेवत नाही. लोह आणि फोलिक गरोदर बायकांना. व्हिटॅमिन एचा साठा न्यायची गरज नाही, तिथे १९७० च्या दशकापासून साखरेतच व्हिटॅमिन ए मिसळतात, आणि ही गोष्ट मला पाचव्या ट्रिपला एका तिथल्या नर्सने सांगितली, तोवर आम्ही कॅप्सूल वाटत होतो.

सर्दीला अँटिबायोटिक नको, अंगदुखीला स्टिरॉइडची इंजेक्शनं नकोत, सरसकट सगळ्यांना मल्टिव्हिटॅमिन नको. लोक रांगेत उभे राहून डोकं दुखतं, पोट दुखतं, अंग दुखतं असं सांगतात, कधी खरंच दुखतं, कधी गोळ्या घरात असाव्यात म्हणून सांगतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण आयबुप्रोफेन वाटताना पोटात जळजळ होते का हे विचारल्याशिवाय देऊ नकोस, तिथे अ‍ॅसिडिटीचे पेशंट खूप असतात. पाकिटावर सूर्य आणि चंद्राची चित्रं काढ, किती गोळ्या तेवढे ठिपके, कारण बऱ्याच म्हाताऱ्या बायकांना स्पॅनिश वाचता येत नाही आणि किचे बोलता येत असली तरी वाचता येते असं नाही. आणि दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद दोन प्रतींत, एक पेशंटच्या हातात, एक पुएस्तोला, तुमच्या लॅपटॉपमधली नोंद तिथे कुणाच्या कामाची नाही.

एक गोष्ट मात्र भरभरून ने, वाचायचे चष्मे, +१ ते +३. त्या भागातल्या बायका कमरेला बांधायच्या हातमागावर विपिल विणतात, म्हणजे त्यांचा तो रंगीत ब्लाउज, आणि चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालं की विणणं थांबतं, विणणं थांबलं की हातातला पैसा थांबतो. चष्मा देताना तक्त्यावरची अक्षरं दाखवू नका, सुई-दोरा द्या किंवा तिचंच विणकाम आणायला सांगा. एका बाईने चष्मा लावला, मागच्या दोन वर्षांत विणलेला तुकडा हातात घेतला आणि त्यातल्या चुका बघून रडायलाच लागली, तिच्या सुनेने कधी सांगितलंच नव्हतं. याला फॉलोअप लागत नाही, साइड इफेक्ट नाही, म्हणून नऊ दिवसांच्या टीमसाठी हे काम अगदी योग्य.

उलट एका प्रश्नाला ट्रंकेतून काही उत्तर निघत नाही. २०१४-१५ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ग्वाटेमालातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४७ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, म्हणजे दीर्घ कुपोषण, आणि माया गावांत प्रमाण त्याहून जास्त. तू सहा वर्षांचं समजशील ते पोर नऊ वर्षांचं असेल, म्हणून वय आईला विचार आणि डोस वजनावर काढ, डोळ्यांच्या अंदाजावर काढू नकोस. टॉनिकने हे सुटत नाही. पाणी, वारंवार होणारे जुलाब, जमिनीचा तुकडा केवढा आहे, आईला किती खायला मिळतं, तिथे याचं मूळ आहे आणि बेहर्होर्स्ट यांची यादी तशी का होती हे तिथे एका घरात अर्धा तास बसलं की कळतं.

तुमच्या दोन टीम एकमेकींशी बोलत नाहीत असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं, आणि आमचंही वर्षानुवर्षं तेच होतं. मेडिकलवाले दिवसभर खोकणाऱ्या बायका आणि छाती भरलेली पोरं बघतात, बांधकामवाले त्याच गावात काहीतरी वेगळंच बांधतात. त्या घरांत जमिनीवर तीन दगडांची चूल असते, खोलीला धुराडं नाही, बाळ आईच्या पाठीवर बांधलेलं, दोघंही तोच धूर घेतात. ग्वाटेमालातल्याच सान मार्कोसच्या डोंगरात २००२ ते २००४ मध्ये ५०० हून जास्त घरांत धुराड्याच्या चुलीचा रीतसर अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, धुराचा संपर्क निम्म्यावर आला, सगळ्या न्यूमोनियात मिळून ठाम म्हणता येईल एवढा फरक दिसला नाही पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. तेव्हा चूल म्हणजे जादू आहे असं मी म्हणत नाही, पण दोन खोल्यांच्या शाळेच्या पैशात कितीतरी घरांत लोखंडी तव्याची, धुराडं असलेली चूल बसते, तिथले कारागीर ती बसवतात, आणि पोरं विस्तवात पडून भाजतात तेही कमी होतं. पाण्याचंही तसंच. मातीच्या कुंडीचा फिल्टर १९८१ मध्ये ग्वाटेमालातच फेर्नांदो माझारिएगोस यांनी तयार केला, आजही तिथेच बनतो, तुटला तर तिथेच दुसरा मिळतो. विमानातून प्लास्टिकचे फिल्टर नेऊन त्यांचे स्पेअर पार्ट पुढच्या वर्षी आणू म्हणायची गरज नाही.

आता बांधकाम, हे नवऱ्याला विचारून लिहितेय. ४ फेब्रुवारी १९७६ ला पहाटे तीनला ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे २३,००० माणसं गेली, बहुतेक झोपेत, मातीच्या विटांच्या भिंती आणि वरची जड कौलं अंगावर पडून. म्हणजे तुम्ही जी भिंत बांधणार आहात तिच्याखाली तीस मुलं बसणार आहेत आणि ती जमीन हलते. तिथले गवंडी ब्लॉकच्या भिंतीला कोपऱ्याकोपऱ्यांत सळईचे कॉलम आणि खाली, मध्ये, वर असे तीन आडवे पट्टे देतात, त्यांना ते सोलेरा म्हणतात, आणि सळईच्या रिंगांची टोकं आत काँक्रीटमध्ये वळवावी लागतात, नुसती काटकोनात वाकवून सोडली तर भूकंपात उघडतात. ही रिंग वाकवणं दिसायला सोपं, पण अकाउंटंटने दिवसभरात केलेल्या रिंगा गवंड्याने एकेक तपासायला हव्यात. आमच्या टीममध्ये एका उत्साही भावाने मिक्स लवकर पसरावं म्हणून बादलीभर पाणी जास्त ओतलं, गवंडी बिचारा पाहुण्यांना काय बोलायचं म्हणून गप्प राहिला, आणि तो कॉलम नंतर नवऱ्याने स्वतः उभं राहून पाडायला लावला. पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही हे लक्षात ठेव, त्या संस्कृतीत तर नाहीच.

म्हणून व्यवस्था अशी करा की गवंडी मालक आणि तुमची टीम मजूर. त्याला आणि त्याच्या माणसांना पूर्ण मजुरी द्या, केत्सालमध्ये म्हणजे तिथल्या चलनात, रोजच्या रोज, तिथला जो चालू दर असेल तो कोकोदेला विचारून. तुम्ही ब्लॉक वाहा, वाळू चाळा, पाया खणा, पाणी भरा. ४२.५ किलोची सिमेंटची गोणी चढावर वाहायला माणसं लागतातच, आणि २,००० मीटर उंचीवर पहिल्या दोन दिवसांत धाप लागते तेव्हा कुणी तालीमबाजी करू नये. सिमेंट, ब्लॉक, सळई, सगळं जवळच्या बाजारगावातून घ्या. काँक्रीट ओतल्यावर किमान सात दिवस ओलं ठेवायचं असतं आणि तुम्ही त्याआधीच निघणार, मग पाणी कोण मारणार? आमच्या एका शाळेची काँक्रीटची जमीन याच कारणाने तडकली, माणूस नेमला नव्हता. आणि मूळ प्रश्न, त्या खोल्यांसाठी शिक्षण मंत्रालयाने शिक्षकाची जागा मंजूर केलीय का, आणि जमीन कुणाच्या नावावर आहे. शिक्षक नसलेल्या खोलीत पुढच्या वर्षी मक्याची कणसं साठवलेली दिसतात. उताराची जागा असेल तर जास्तच काळजी घ्या, नोव्हेंबर २०२० मध्ये एटा वादळात आल्ता वेरापासमधल्या केखा गावावर डोंगर सरकला आणि घरंच्या घरं गाडली गेली. फेब्रुवारीत सगळं कोरडं आणि छान दिसतं, पाऊस मे ते ऑक्टोबर.

लोकांशी कसं वागायचं हे विचारलंस. आधी त्यांच्यावर काय गेलंय ते टीमला सांगा, कारण बहुतेक टीमना माहीत नसतं. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं तिथे यादवी चालली, सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला की २ लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली आणि ओळख पटलेल्यांपैकी ८३ टक्के माया होती. आता आपल्यासारख्या ख्रिस्ती माणसाला जड जाईल असा भाग. १९७६ च्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियातून एक मंडळी मदतकार्याला आली, तिने तिथे चर्च सुरू केलं, आणि त्या चर्चचा सभासद झालेला जनरल एफ्राइन रिओस माँट मार्च १९८२ च्या उठावानंतर देशाचा प्रमुख झाला. रविवारी टीव्हीवर प्रवचन द्यायचा. त्याच्या सतरा महिन्यांत इशिल माया लोकांच्या भागातली गावंच्या गावं लष्कराने जाळली. २०१३ मध्ये तिथल्या कोर्टाने त्याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं आणि दहा दिवसांत वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला. मदतीला आलेल्या परदेशी ख्रिस्ती लोकांकडे बघताना साठीच्या बाईच्या मनात काय काय असू शकतं याची कल्पना यावी म्हणून हे सांगितलं. कुणाला युद्धाबद्दल विचारू नका. कुणी सांगितलं तर ऐका, मध्ये बोलू नका.

मुलांचे फोटो काढायचे नाहीत, आईवडिलांना विचारल्याशिवाय उचलून घ्यायचं नाही, चॉकलेट वाटायचं नाही. हे मी कडक शब्दांत सांगते कारण एप्रिल २००० मध्ये तोदोस सान्तोस नावाच्या गावात परदेशी लोक मुलं पळवायला येतात अशी अफवा पसरलेली असताना बाजारात जमावाने एका जपानी पर्यटकाला आणि बसच्या ड्रायव्हरला ठार मारलं. परदेशात मुलं दत्तक द्यायचा तिथला धंदा इतका बिघडला होता की २००८ पासून तो सरकारला जवळपास बंदच करावा लागला, म्हणजे भीती हवेतून आलेली नव्हती.

जडीबुटी करणाऱ्या म्हाताऱ्याला, हाडं बसवणाऱ्याला, माया विधी करणाऱ्याला चेटकी म्हणायचं नाही, विनोदातसुद्धा नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. जून २०२० मध्ये पेतेन भागात एका केकची माया वैद्याला चेटूक करतो म्हणून गावकऱ्यांनी जिवंत जाळलं, आणि तो माणूस औषधी वनस्पतींच्या अभ्यासात संशोधकांबरोबर काम करत होता. आपण बोलतो, विमानात बसतो, शब्द मागे गावात राहतो. कुणी म्हणालं की पोराला सुस्तो झालाय, म्हणजे भीतीने आजारी पडलंय, तर हसू नको, कधीपासून, काय झालं होतं, खातं का, झोपतं का हे विचार, निदानाचा अर्धा रस्ता तिथेच सापडतो.

कोमाद्रोनांना भेटल्याशिवाय परत येऊ नका. खेड्यातली बरीच बाळंतपणं अजून घरी त्यांच्याच हातून होतात. आम्ही एका वर्षी बाकी सगळं कमी करून अकरा कोमाद्रोनांबरोबर दोन दिवस बसलो, त्यांनी आम्हाला शिकवलं, आम्ही त्यांना, आणि प्रत्येकीला आपोआप मोजणारं बीपीचं मशीन आणि सेल दिले, कुठला आकडा दिसला की बाईला लगेच दवाखान्यात न्यायचं ते रंगाने खूण करून. गरोदरपणातलं वाढलेलं बीपी आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, या दोन गोष्टी वेळेत ओळखल्या तर आई वाचते, आणि ते ओळखायला रात्री दोन वाजता तिथे कोमाद्रोनाच असते.

सापडलेला गंभीर पेशंट पुढे पाठवायचं काम सगळ्यात अवघड आणि त्यासाठी तुमच्या बजेटमध्ये काहीच नाहीये असं दिसतं. चिठ्ठी लिहून शहरात जा म्हटलं की झालं असं आम्हाला वाटायचं. पण शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात किचे समजणारं कुणी भेटेल याची खात्री नसते, नातेवाइकांना राहायला जागा नाही, रोजगार बुडतो, आणि पेशंट गेला तर बॉडी गावी आणायचे पैसे कुठून आणायचे ही भीती असते, म्हणून लोक जात नाहीत आणि आपण म्हणतो की लोक ऐकत नाहीत. एका मुलाचा फाटलेला ओठ आम्ही दोन वर्षं नुसता चिठ्ठ्यांवर लिहीत राहिलो. तिसऱ्या वर्षी गावातल्याच, दोन्ही भाषा येणाऱ्या एका मुलीला मजुरी आणि बसभाडं देऊन आईबरोबर पाठवलं, तेव्हा ऑपरेशन झालं. दोन जणांची विमानाची तिकिटं कमी करा आणि तो पैसा अशा सोबतीसाठी ठेवा. टीममध्ये हे बोललास तर लोक नाराज होतील, तरी बोल.

दुभाषे दोन लागतील हेही धरून चाल, तुमच्या भाषेतून स्पॅनिश आणि स्पॅनिशमधून किचे, म्हणजे एका पेशंटला दुप्पट-तिप्पट वेळ, दिवसाला दीडशे पेशंटचा जो आकडा कोऑर्डिनेटरने दिलाय तो सोडून द्या. बायकांच्या तपासणीला दुभाषी बाईच हवी, आणि ती शेजारीण नको. देशात बावीस माया भाषा आहेत आणि सगळे स्पॅनिश बोलतात असं समजून जुन्या लोकांनीही चूक केलीय, कॅमेरॉन टाउनसेंड नावाचा अमेरिकन मिशनरी १९१७ मध्ये स्पॅनिश बायबल विकायला आला आणि काक्चिकेल लोकांना ती वाचताच येत नव्हती, मग तो तिथेच राहून भाषा शिकला आणि नवा करार काक्चिकेलमध्ये केला. तुला नऊ दिवसांत भाषा येणार नाही पण सकाळी सकारिक आणि निघताना मालत्योश एवढं शीक, म्हणजे सुप्रभात आणि धन्यवाद. चेहरे बघ मग.

सुवार्तेचं विचारलंस तर माझं मत असं. प्रार्थना ही औषधाच्या रांगेतली पायरी करायची नाही. आधी प्रार्थनेच्या टेबलाकडे, मग डॉक्टरकडे अशी रांग मी बघितलीय आणि ती मला बरोबर वाटत नाही, ताप आलेलं पोर कडेवर असलेली आई कशालाही हो म्हणेल. उपचार झाला, औषध हातात पडलं, मग दुभाष्याकडून विचारायचं की तुमच्यासाठी प्रार्थना करू का, नाही म्हणाली तर हसून निरोप द्यायचा. मी अशी विचारते आणि बहुतेक जणी हो म्हणतात, आणि कितीतरी वेळा त्यांनीच माझ्यासाठी केलीय. रविवारी त्यांच्या उपासनेत मागच्या बाकावर बसा, तुमच्या टीमची नाटुकली, गाणी काही नको, त्यांच्या पाळकाला बोलू द्या. प्रभूचं काम तिथे आपण जायच्या आधीपासून चाललंय.

बारीकसारीक: हेपेटायटिस ए, टायफॉइड, टिटॅनस, गोवर यांच्या लसी टीममध्ये सगळ्यांच्या झालेल्या असू देत, आणि निघायच्या आठवड्यात ज्याला ताप-खोकला असेल त्याने घरी थांबायचं, तिकीट गेलं तरी. रात्री थंडी असते, स्वेटर घे. सुया आणि डेंटलचा कचरा परत आणायची किंवा पुएस्तोच्या व्यवस्थेत द्यायची सोय आधी लाव, खड्ड्यात पुरून येऊ नका, पोरं उकरतात.

या आठवड्यात कोऑर्डिनेटरला एवढंच विचार: पुएस्तोच्या नर्सचं नाव आणि फोन काय, कोकोदेचा ठराव कुठे आहे, गवंडी कोण आणि त्याची मजुरी कोण देतंय, आणि शेवटच्या दिवशी पेशंटच्या नोंदी कुणाच्या हातात द्यायच्या. उत्तरं आली की मला कळव, औषधांची यादीही पाठव, डोसांसकट बघून देते. फेब्रुवारीला अजून वेळ आहे.